चिवड्याचा पट्टा

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
११ जानेवारी २०२६

यज्ञेश,

वर 'चिरंजीव' लिहून खोडलंय ते तुला दिसेलच. जो मुलगा दोन वर्षं बापाचा फोन उचलत नाही त्याला काय म्हणून हाक मारायची, ते मला ठरवता आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून पोस्टाने लिहितो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुझा निरोप आईने वाचून दाखवला. 'अप्पांना चिवडा चावला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्याला फिरवणार कोण? मुरबाडचा माझा मित्र सोमा त्याला शेतावर नेईल. १५ मार्चला सकाळी जीप घेऊन येईल.' झालं. कोइंबतूरला बसून तू परस्पर निकाल लावून मोकळा. कुत्रा राहतो माझ्या घरात, त्याचं पाणी भरतो मी, आणि मला विचारायची गरज नाही.

तर ऐक. चावला म्हणजे उजव्या हाताला चार टाके पडले, बाकी काही नाही. इंजेक्शनं चालू आहेत. आईचा गुडघा सुजला होता म्हणून त्या दिवशी मी त्याला फिरवायला निघालो. गळ्यात पट्टा घालायला नुसता वाकलो आणि तो उलटला. कारण काही नव्हतं. आई पट्टा घालते तेव्हा हा गरीब गाय होऊन उभा राहतो. मी खुंटीकडे हात जरी नेला तरी गुरगुरतो.

चिवडा कुठेही जाणार नाही. आईचं ऑपरेशन १६ मार्चला आहे. त्याच्या आत माझ्या हातून पट्टा घालून घ्यायला मी त्याला शिकवणार. आनंदनगर एमआयडीसीत चौतीस वर्षं व्हॉल्व्ह तपासले, भल्याभल्या ऑपरेटरना सरळ केलं. दोन महिन्यांत एक कुत्रा शिकत नसेल तर नाव बदलीन. सोमाला यायचं तर येऊ दे. पण त्या सकाळी चिवड्याने माझ्याकडून पट्टा घालून घेतला, तर त्याने रिकामी जीप घेऊन परत जायचं. एवढं कबूल कर.

चिखलोलीच्या बांधकामाच्या खड्ड्यातून तू त्याला शर्टात गुंडाळून आणलंस तेव्हा मीच 'बाहेर काढ आधी' म्हणालो होतो, हे मी विसरलेलो नाही. आता मीच राहू दे म्हणतोय. हसायचं तर हस. तू गेल्यापासून या घरात तुझं म्हणून तेवढंच हिंडतंफिरतं आहे. ते मी जाऊ देणार नाही.

अप्पा


२५ जानेवारी

यज्ञेश,

आईच्या फोनवर तुझं 'ठीक आहे' आलं. मोजून दोन शब्द. मला पुरेसे आहेत.

उल्हासनगरला डॉक्टर जिज्ञासा म्हणून जनावरांच्या डॉक्टर आहेत, तिथे गेलो. मुलगी तुझ्यापेक्षा लहान असेल. तिने चिवड्याला हातसुद्धा न लावता पाच मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा चावरा नाहीये. तुम्हाला घाबरतो. काय झालं होतं?"

मी म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग चिठ्ठी लिहायला लागली.

चिठ्ठीत औषध नव्हतंच. क्लिकर लिहिलं होतं. दाबली की टक वाजते अशी एवढीशी डबी. कुत्र्याने आपल्याला हवं ते केलं की टक करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा.

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"ओरडायचं नाही, ओढायचं नाही, मारायचं नाही. थांबायचं आणि परत सोपं करून द्यायचं."

मला हे पटलं नाही, तुला खोटं कशाला सांगू. चौतीस वर्षं मी चुकलेलं शोधायचाच पगार घेतला. बरोबर आलेल्या मालाकडे बघायला वेळ कोणाला होता? तो मुकाट पुढच्या टेबलावर जायचा.

तरी तिथल्याच कॅम्प चारच्या बाजारात जाऊन डबी घेतली. दुकानवाला सिंधी शेठ म्हणाला, "साईं, एकदम कडक आवाज है." घरी येऊन मी सोफ्यावर बसलो, डबी चिवड्याच्या दिशेने रोखली आणि दाबली. तो टीव्हीकडे बघायला लागला. परत दाबली. आई आतून म्हणाली, "अहो, त्यातले सेल संपले असतील." त्यात सेल नसतातच. शेवटी डॉक्टरला फोन लावला. पोरगी हसू दाबत म्हणाली, "काका, तो रिमोट नाहीये. आधी त्याला त्या आवाजाची ओळख करून द्या. टक, खाऊ. टक, खाऊ. त्याने काही करायची गरज नाही, बसून खाऊ दे."

म्हणजे काही न करता बक्षीस. असो, केलं. बिस्किट त्याने हुंगून तसंच ठेवलं. पनीर दोन दिवस चाललं. मग पुतळाबाईंनी मार्ग काढला. आठवतात ना, मागच्या घरातल्या, आपली बिल्डिंग ज्यांच्या भाताच्या शेतावर उभी आहे त्या? त्यांनी वाटीभर सुकट आणून दिली. त्या वाळक्या कोळंबीपुढे चिवडा माझी भीतीच विसरला. आता मी सुकटीची डबी शर्टाच्या खिशात घालून फिरतो. तुझ्या आईने माझे शर्ट वेगळ्या बादलीत टाकायला सुरुवात केली आहे आणि देवघरापाशी यायला मला बंदी आहे.

पण टक वाजली की तो येतो. कान ताठ करून, माझ्या पायाशी येतो. तीन महिन्यांत पहिल्यांदा आला. मला फार बरं वाटलं.

अप्पा


१० फेब्रुवारी

यज्ञेश,

जमत नाहीये.

डॉक्टरने सांगितलं तसंच करतोय. पट्टा जमिनीवर ठेवायचा, त्याने नुसता पाहिला तरी टक आणि सुकट. हुंगला तर टक आणि सुकट. पहिले चार दिवस झकास गेले. मग मी पट्टा हातात घेतला की गुरगुरायला लागला. आता तर पट्टा जमिनीवर दिसताक्षणीच गुरगुरतो. आणि नालायकपणा बघ, गुरगुरून झालं की शेपूट हलवत माझ्याकडे येतो, शहाण्यासारखा बसतो आणि खिशाकडे बघतो. आधी धमकी, मग हप्ता.

आज डोकं फिरलं आणि डबी गॅलरीतून खाली फेकली. मग चपला घालून खाली गेलो आणि झुडपात अर्धा तास शोधून परत आणली. वॉचमन विचारत होता, साहेब काय हरवलं. मी सांगितलं नाही.

आई म्हणते, "जाऊ द्या ना. मुरबाडला शेतावर मोकळा राहील बिचारा." बिचारा तो आणि मी कोण? ती त्याच्या अंगावरून हात फिरवते आणि माझ्याकडे बघत नाही. तिला काही कळलंय की काय, कोण जाणे.

सोमाला एवढ्यात जीप धुवायला सांगू नकोस. मी सोडणाऱ्यातला नाही.

अप्पा


१९ फेब्रुवारी

यज्ञेश,

चूक सापडली. सांगायची लाज वाटते, पण तपासणीत सापडलेली चूक लपवायची नसते, हे मीच पोरांना शिकवायचो.

परवा सकाळी मी बिल्डिंगच्या मागे चिवड्याला घेऊन बसलो होतो. पट्टा समोर ठेवलेला. पुतळाबाई त्यांच्या ओट्यावर मिरच्या निवडत बघत होत्या. चिवडा गुरगुरला, मग आला, बसला. बसला म्हणून मी टक केलं आणि सुकट दिली. असं चार-पाचदा झालं. पुतळाबाईंचा हात थांबला.

"सायेब, तुमी तोंडानी पन वाजवताव का?"

"काय वाजवतो?"

"च्यक्."

"मी नाही वाजवत."

"आता वाजवलाव ना. त्यो गुरगुरला, तुमी च्यक् केलाव, मंग त्यो खाया आला. त्याला काय म्हाईत, डबी वाजली का तुमची जीभ वाजली."

मी परत पट्टा पुढे सरकवला. चिवडा गुरगुरला. आणि या वेळी माझं मलाच ऐकू आलं. च्यक्.

तुला तो आवाज मी समजावून सांगायला नको. जीभ टाळूला लावून सोडली की होतो तो. तुझी मार्कशीट उलटून बघताना, तू रंगवलेली गॅलरीची जाळी बघताना, तुझ्या मित्रांची नावं ऐकताना केलेला. मी शपथेवर सांगतो, तो माझ्या तोंडून निघतो हे मला माहीतच नव्हतं. कंपनीत खराब माल रिजेक्ट करताना लागलेली सवय असेल, माझ्याबरोबर घरी आली.

मी 'नाही' म्हणत होतो आणि चिवडा 'शाब्बास' ऐकत होता. पंधरा दिवस मी त्याला मेहनतीने गुरगुरायला शिकवलं. पुतळाबाई मिरच्या सोडून हसत सुटल्या, मलाही हसू आलं. मग घरी आल्यावर लक्षात आलं. या घरात त्या आवाजाला कोणी आनंदाने धावत आलं असेल तर तो हा एकटा कुत्रा. तुम्ही दोघं कधी आला नाहीत. या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चोवीस दिवस उरले आहेत. पहिल्यापासून सुरुवात करतोय.

अप्पा


२ मार्च

यज्ञेश,

च्यक् बंद आहे. कसं, ते सांगतो. सकाळी उठल्या उठल्या एक लवंग जिभेवर ठेवतो आणि ती टाळूला दाबून धरतो. जीभ अडकलेली असली की च्यक् होत नाही. दिवसाला सात-आठ लवंगा जातात, तोंड बधिर झालंय, चहाची चव कळत नाही. पण चिवड्याचं गुरगुरणं आठ दिवसांत निम्म्यावर आलं. गुरगुरला की मी गप्प. त्यालाही कळेना, दुकान बंद का झालं.

परवा तुझ्या आईने हॉस्पिटलसाठी आणलेला गाऊन दाखवला. भडक पोपटी. माझ्या तोंडात लवंग, मी मान हलवली. ती तशीच गाऊन धरून उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही काही केलं नाहीत."

"लवंग आहे तोंडात."

आधी ती हसली. मग तिथेच पलंगावर बसली आणि म्हणाली, "अडतीस वर्षं झाली, मी काही दाखवायला आणलं की आधी तुमच्या तोंडाकडे बघते. वस्तूकडे नंतर." तिचे डोळे भरले होते. गाऊन छान आहे म्हटलं, तर म्हणाली, खोटं बोलू नका, तो भयंकर आहे, मी बदलून आणणार आहे.

त्याच बैठकीत मी तिला सांगून टाकलं, ते आता तुलाही सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, कारण काही नव्हतं. ते खोटं होतं. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून चिवड्याने देवघरापुढे घाण केली. तुझी आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती. मी खुंटीवरचा पट्टा घेतला आणि त्याला मारलं. बकल असलेल्या बाजूने. तो कपाटाखाली शिरला, तरी मी थांबलो नाही. आई खाली येईपर्यंत मी फरशी पुसून पेपर वाचत बसलो होतो. त्यानंतर मी तो पट्टा हातात घेतला तो थेट जानेवारीत, त्या सकाळी. आता सांग, कुत्रा का चावला?

आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी डॉक्टर जिज्ञासांनाही फोन करून सांगितलं. त्यांनी ओरडायला हवं होतं, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आधी तो पट्टा फेकून द्या. कापडी घ्या, प्लास्टिकच्या चापाचा. आणि काका, आता तुम्ही पट्टा घालायचा नाही. नुसता गोल करून धरायचा. मान त्याला घालू दे. नाही घातली तर खाली ठेवून द्यायचा."

नवा निळा पट्टा आणला आहे. त्याचा चाप लागताना टक वाजते, हुबेहूब डबीसारखी. पहिल्यांदा वाजली तेव्हा चिवडा बकलला घाबरायचा तसा मागे सरकला नाही, माझ्या खिशाकडे बघायला लागला. काल त्याने गोलातून नाक घातलं, कानांपर्यंत. मग मागे घेतलं. मी पट्टा खाली ठेवला आणि काही बोललो नाही. तेरा दिवस आहेत.

अप्पा


१५ मार्च

यज्ञेश,

सोमाने व्हिडिओ पाठवला असेल. तरीही मी लिहितो, कारण व्हिडिओ त्याने उशिरा सुरू केला.

तो आठ वाजता आला. चांगला माणूस आहे, येताना आईसाठी शेतावरची वांगी घेऊन आला. चिवडा अनोळखी माणूस बघून भिंतीला चिकटला. मी निळा पट्टा हातात घेतला आणि तो गुरगुरला. दहा दिवसांत गुरगुरला नव्हता, नेमका आज. सोमा हळूच म्हणाला, "काका, राहू द्या. माझ्याकडे तो सुखात राहील." तो वाईट बोलला नाही, पण मला पुढचे दिवस दिसायला लागले. उद्या तुझी आई हॉस्पिटलात आणि आज चिवडा जीपमध्ये, मग या घरात मी आणि माझी लवंग. तोंडाशी आलं होतं की सरळ मानगूट धरावं आणि घालावा पट्टा, एका मिनिटाचं काम. मी पट्टा खाली ठेवला. सोमाला म्हटलं, "चहा घे. आम्हाला वेळ लागेल."

मी फरशीवर मांडी घालून बसलो. गुडघे बोंबलत होते. दहा मिनिटं गेली असतील. चिवडा आला, पट्टा हुंगला. टक, सुकट. मी पट्टा उचलून गोल धरला. तो मागे गेला. मी परत खाली ठेवला. आई दारात उभी होती. सोमाने चहाचा दुसरा कप घेतला. तिसऱ्यांदा मी गोल धरला तेव्हा चिवडा आला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतः मान आत घातली. सगळी. चाप लावताना माझी बोटं त्याच्या गळ्याला लागली, तिथे त्याची नाडी उडत होती. तो हलला नाही. चाप वाजला आणि मी खिशातली होती-नव्हती ती सगळी सुकट त्याच्यापुढे ओतली.

सोमाने तेवढंच टिपलं होतं. मी त्याला सांगितलं, "यज्ञेशला हेही सांग की आधी गुरगुरला होता. अर्धा रिपोर्ट पाठवायचा नाही." तो म्हणाला, "सांगतो काका." आणि रिकामी जीप घेऊन गेला. मग मी चिवड्याला शिरगावच्या तळ्यापर्यंत फिरवून आणलं. रस्त्यात रडलो, कोणी पाहिलं असेल तर पाहो.

चिवडा राहिला. आता दुसरं काम. हे मी बरेच दिवस टाळत होतो.

तू आठवीत होतास. मी कंपनीचं मायक्रोमीटर, जाडी मोजायचं ते महागडं नाजूक साधन, घरी आणलं होतं, ते तुझ्या हातून पडलं. मी बाहेर होतो. तू ते पेटीत नीट ठेवून दिलं असतंस तर मला पुढच्या आठवड्यापर्यंत कळलं नसतं आणि तुझ्यावर कधीच आलं नसतं. पण मी चपला काढायच्या आत तू दारात येऊन म्हणालास, "अप्पा, माझ्या हातून पडलं." मी कमरेचा पट्टा काढला. किती मारलं ते तुला माहीत आहे. त्यानंतर तू मला कधी काही सांगायला आला नाहीस आणि मी आईला म्हणायचो, पोरगा घुमा आहे.

क्लिकरचा एक नियम आहे. कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी टक वाजली पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला तर कशाबद्दल वाजली ते त्याला कळत नाही, सगळं फुकट जातं. मला अठरा वर्षं उशीर झाला आहे. पण तू माणूस आहेस, तुला कळेल, म्हणून लिहितो.

त्या दिवशी तू दारात येऊन खरं सांगितलंस. ते बरोबर होतं, बाळा.

अप्पा